पंच्याहत्तरीची बाटली

रक्त तपासायच्या रांगेत दोन म्हातारे मित्र उपाशीपोटी बसले होते, एक टकलू आणि एक मफलरवाला. सुई टोचणारी बाई नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती, पण तिचे कान त्यांच्याकडेच होते.

"लिव्हरचा रिपोर्ट चांगला आला, तर आधी काय घेशील?" मफलरवाल्याने विचारलं. "मी आपला बर्बनवाला. तुझी ती धुरकट स्कॉच तुलाच लखलाभ."

"धुराचं वेड गेलं रे. आता ती अठरा वर्षांची सगळ्यात आवडती."

"लेकीने तुला पाठवलेली?"

"तीच. आधी मध, मग जळकं लाकूड, आणि गिळल्यावर संत्र्याची साल रेंगाळते. पाणी मात्र एकच थेंब."

"ती तर आपण माझ्या पंच्याहत्तरीला फोडणार होतो."

"अरे, साडू आला होता..."

"साडू? तो व्हिस्कीत कोला ओततो!"

"या वेळी नाही ओतला. थेंबाचं त्यानंच शिकवलं."

"वा! म्हणजे जाणकारही झाला. उरलीय किती?"

"बाटली ठेवलीय ना तुझ्यासाठी. फार देखणी आहे."

"चला, पुढचं कोण?" बाईने विचारलं. "दोघांचंही घ्यायचंय ना?"

"माझं काही नाही, बाई. याला एकट्याला उपाशी बसवत नाही, म्हणून मीही सकाळपासून चहा घेतला नाही." मफलरवाला उठला आणि दाराशी जाऊन वळला.

"साडूला बोलावून घे. सुई पाहिली की तुला चक्कर येते, धरायला कुणीतरी हवं."