दोन टाक्यांमधलं भांडण

गॅरेजच्या बाकावर आम्ही तीन गिऱ्हाइकं बसलो होतो. समोर दोन ठोकळ्यांवर एका जुन्या गाडीच्या मागच्या आसाची पोकळ नळी होती. तिला बळकटी देणारी पोलादी पट्टी चार शिकंज्यांनी आवळली होती. वेल्डर आणि त्याची वहिनी बोलत होते.

“थांबा भावोजी! वेल्डिंगचा दुसरा टाका इतक्यात नको.”

“वहिनी, अशानं संध्याकाळ होईल.”

“होऊ दे. गरम असतानाच पुढचा मारला की नळी वाकते. ही वाकली तर दुसरी मिळायची नाही. तुमचे दादा गेले, त्यांच्यामागे ही गाडीच तर उरलीय.”

“दादा किती झटपट उरकायचा!”

“कुठलं झटपट? बोटभर टाका मारायचे आणि आत येऊन माझ्याशी भांडायचे. भांडण मिटलं की नळीवर हात ठेवून बघायचे. चटका बसला नाही, तरच पुढचा टाका, तोही पलीकडच्या टोकाला.”

“आणि कधीच वाकली नाही?”

“एकदा वाकली. मी माहेरी गेले होते.”

वेल्डरनं वहिनीकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघताय? भांडा!”

“आता कशावरून भांडू?”

“तुमच्या लग्नात यांचा रेशमी सदरा घातलात, तो अजून परत आला नाही.”

“अहो, तो दादानं मला दिला होता!”

“त्यांनी? शिवला होता मी!”

“मग बाह्या आखूड कुणी केल्या?”

“हात तुमचे लांब, भावोजी!”

शेवटचा टाका निवल्यावर वेल्डरनं वाक मोजायला नळी फिरवून गेज लावला. काटा जेमतेम एक दशांश मिलिमीटर हलला; नळी सरळ होती.