मामांनी उसने घेतलेले नाव

माझ्या मामांबरोबर नाशिक पाहायचे म्हणजे पायांची परीक्षा, हे आधीच सांगते. टांगा नाही, फराळ घरचाच. त्यांना भीती फक्त रामकुंडावरच्या उपाध्यांची. गाव आणि नाव कळले, की त्यांच्या वहीत आपले आजे-पणजे निघतात आणि मग पूजेचा खर्च चुकत नाही.

"मी केशव हिंगे म्हणून सांगणार," मामा वाटेतच म्हणाले.

"आपले शेजारी? पण ते तर वारले!"

"म्हणूनच तर. ते थोडेच विचारायला येणार आहेत?"

दुसऱ्याचे खोटे ऐकूनसुद्धा मला घाम फुटतो.

कुंडाच्या पायरीवर एका म्हाताऱ्या उपाध्यांनी गाठलेच. "गाव?"

"लासलगाव."

"मग आमचेच यजमान. नाव?"

"केशव हिंगे."

त्यांनी वही उघडली, ओळींवरून बोट फिरवले आणि चष्म्यावरून मामांकडे पाहिले. "केशवराव, चैत्रात तुमच्या मुलाने तुमच्या अस्थी इथेच सोडल्या. मंत्र मीच म्हटले."

उपाध्ये माझ्याकडे वळले. "बाळ, हे कोण गं?"

"माझे मामा," मी कशीबशी म्हणाले. "जिवंत आहेत."

मग खरे नावही मीच सांगितले. पान निघाले, मामांचे आजोबा निघाले, पूजाही झाली. शेवटी मामांनी वहीत सही केली, तेव्हा उपाध्ये म्हणाले, "ठळक लिहा. उद्या तुमच्या माघारी कुणी तुमचं नाव सांगत आला, तर मला पकडता आला पाहिजे."