पेन्सिलीची खूण

(मोशी. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये आयुष्मान कार्डाचं शिबिर. टेबलामागे लॅपटॉप घेऊन बसलेला प्रीतम. समोरच्या खुर्च्यांवर अंबुबाई आणि तिची सून योगिनी.)

प्रीतम: उचला अंगठा, आजी. पदराला पुसा आणि परत ठेवा.

अंबुबाई: चौथ्यांदा ठेवतीय. तुझं यंत्र आंधळं हाय का माझा आंगठा मेलाय?

प्रीतम: अंगठा झिजलाय आजी. रेषाच उमटत नाहीत.

अंबुबाई: उमटतील कशा? चाळीस वरसं खुरपं धरलंय त्यानं. तू टेबल मांडून बसलायस न्हवं, हितं आमची गवार असायची. तुझ्या त्या वायरी पडल्यात तिथपातुर.

योगिनी: दादा, चेहऱ्यावरून होतं ना? तेच करा. सेकंड शिफ्ट आहे माझी, तीनला कंपनीची बस येते.

प्रीतम: होतं की. आजी, मोबाइलकडं बघा आणि डोळे मिचकावा.

अंबुबाई: कुणाला?

प्रीतम: मोबाइलला. डोळ्यांची उघडझाप करा नुसती. समोर जिवंत माणूस आहे की फोटो, ते त्याला कळायला पाहिजे.

अंबुबाई: एवढी बडबड चाललीय तरी शंका हाय व्हय त्याला. घे. झालं?

प्रीतम: झालं. हिरवं आलं बघा. आता रेशनकार्ड द्या.

योगिनी: आत्या, पिशवीत आहे ना? तुम्ही सकाळी कपाटातून काढलं होतं.

अंबुबाई: हाय, हाय. तुझी घाई बघून वाटतंय, पाटावर बशिवलीय मला आन् मुहूर्त टळतोय. एवढी कशाची गडबड गं?

योगिनी: सांगितलं ना, बस.

अंबुबाई: बस रोजच असती. घरची कामं टाकून मला हितं आणलंस. गेल्या वर्षी ह्याच पार्किंगात शिबिर झालं, तवा म्हनली न्हाईस चला म्हनून.

प्रीतम: ताई, तुम्ही कंपनीत परमनंट आहात का?

योगिनी: हो. नऊ वर्षं झाली. चाकणला, वायरिंगच्या कंपनीत. क्वालिटीला आहे.

प्रीतम: मग तुम्हाला ईएसआय असेल किंवा मेडिक्लेम.

योगिनी: ईएसआय होतं. पगार एकवीस हजारांच्या वर गेला आणि ते सुटलं. आता कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे.

प्रीतम: मग सासूबाईंना त्यातच टाका की. आमच्या कार्डाला यादीतलं हॉस्पिटल बघा, यादीतला आजार बघा, असं असतं. वाईट नाही, घरटी पाच लाखांपर्यंत मिळतं वर्षाला. पण कंपनीच्या पॉलिसीत जुनं दुखणंसुद्धा पहिल्या दिवसापासून धरतात. आजींना तिथंच... काय झालं ताई? मी काही चुकीचं बोललो का?

अंबुबाई: न्हाई. बराबर बोललास. आता बोल गं तू.

योगिनी: आत्या, घरी गेल्यावर बोलू.

अंबुबाई: घरी कशाला? सोमवारपासनं मला ठाव हाय. तुझ्या डब्याच्या पिशवीत फारम सापडला. सातवी शिकलीय मी, वाचता येतं. दोन चौकटी हायत. एकीत आई-वडील, दुसरीत सासू-सासरे. दोन्हींतलं एकच घ्यायचं, आसं खाली लिवलंय.

योगिनी: हो. एकच.

अंबुबाई: पेन्सिलीनं खूण केलीस आई-वडलांपुढं. मग खोडलीस. मग सासू-सासऱ्यांपुढं केलीस. ती बी खोडलीस. कागद पातळ झाला गं तिथं. बोट लावलं तर फाटंल आसा.

योगिनी: मी तुम्हाला सांगणार होते.

अंबुबाई: कवा?

योगिनी: तुमचं कार्ड हातात आल्यावर. खरं सांगते आत्या. आज पाचपर्यंत फॉर्म एचआरला द्यायचाय. आजची मुदत गेली की पुढच्या वर्षापर्यंत नाव बदलता येत नाही. मी ठरवलं होतं, तुमचं हे कार्ड आधी होऊ दे. तुमची सोय झाली की मग आईचं नाव तिथं लावीन. तुम्हाला उघड्यावर टाकून नाही करणार होते मी.

अंबुबाई: मग चोरून कशाला?

योगिनी: भीती वाटली. घरचं लाइट बिल मी भरते, स्वरूपाच्या शाळेची फी मी भरते, कुणी काही विचारत नाही. पण एवढं एक माहेरसाठी मागायला तोंडच उघडेना. शेजारच्या साधनाताई म्हणाल्या, फॉर्मवर काय विचार करायचाय, सासूचंच नाव लागतं. जगाची रीतच ती.

अंबुबाई: साधनाची सासू गेली तवा ही कुठं हुती ते इचार तिला. जाऊ दे. विहीणबाईंचं काय झालंय नक्की? तू म्हनली हुतीस, दम लागतो.

योगिनी: हृदयाची झडप खराब झालीय. वर्षाच्या आत बदला म्हणून डॉक्टर सांगायलेत. चार पायऱ्या चढली की बसायलीय. रात्री उशाला तीन उश्या घेऊन टेकून झोपायलीय आणि फोनवर मला म्हणते, काही नाही गं, उन्हाळा हाय.

अंबुबाई: हं. माहेरची बोली आली तोंडात. म्हंजी खरंच घाबरलीयस.

योगिनी: घाबरलेच आहे.

प्रीतम: ताई, मधे बोलतो, राग मानू नका. पण तुमच्या आईंचंही हे कार्ड निघेल की. आता रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं चालतं.

योगिनी: आई भालकीला असते. कर्नाटकात. घरात मराठीच बोलतो आम्ही, पण रेशनकार्ड तिकडचं. ते इकडच्या हॉस्पिटलात चालेल का, हे मी तीन जणांना विचारलं. एक म्हणाला चालतं, एक म्हणाला नाही, एक म्हणाला ॲडमिट करा, मग बघू. आईला ॲडमिट करून मग बघायचं नाही मला. इथं माझ्याजवळ, माझ्या डोळ्यांसमोर व्हायला पाहिजे ते ऑपरेशन.

अंबुबाई: स्वरूपाच्या बारशाला आली हुती ती. भालकीपासनं येष्टीत पाळणा घेऊन. लाकडी. नाक्यावर उतरली आन् डोक्यावर घेऊन चालत आली घरापातुर. मी म्हनलं, आवं रिक्षा करायची. तर म्हनली, रिक्षात मावंना.

योगिनी: तीच आता घागर उचलत नाही.

अंबुबाई: बरं. काय रं पोरा, काढ माझं कार्ड लवकर. हे घे रेशनकार्ड.

प्रीतम: आजी, हे तर कोरं करकरीत आहे. पांढरं. यावर धान्य घेतल्याची एक नोंद नाही.

अंबुबाई: नसनारच. आमच्या घरात रेशनचा दाना आला न्हाई कधी.

प्रीतम: थांबा हां. याचा बारा आकडी नंबर लागतो. यावर नाहीये, आधारवरून बघतो... नाही सापडत. आजी, तुमचं कार्ड ऑनलाइनच झालेलं नाही.

योगिनी: म्हणजे?

प्रीतम: म्हणजे कागद आहे, पण सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये हे कुटुंबच नाही. मधे रेशन दुकानदारांनी सगळ्यांचे आधार गोळा केले होते ना, ते जोडायला. धान्य उचलणाऱ्यांनी दिले. पांढऱ्या कार्डवाल्यांतले बरेच जण गेलेच नाहीत.

योगिनी: मग आता करा. काय लागतं त्याला?

प्रीतम: अर्ज लागतो. माझं सेवा केंद्र आहे, मी भरून देतो. पण पुढं पुरवठा कार्यालयात जातो तो. पंधरा दिवस म्हणतात. महिना धरून चाला, दोनही लागतील. नंबर आला की आयुष्मान कार्ड तेव्हाच निघेल. आज नाही निघणार, ताई.

योगिनी: आज नाही.

प्रीतम: सॉरी ताई.

योगिनी: बरं. असू दे. चला आत्या, उठा. मी सासू-सासरेपुढं खूण करते आणि जाते.

अंबुबाई: बस खाली.

योगिनी: आत्या, बस चुकेल.

अंबुबाई: चुकू दे. माझा ल्योक हाय की, गणराज टेम्पोनं सोडंल. आईचं काय करनार तू?

योगिनी: बघीन काहीतरी. तुम्हाला साखर आहे. दिवाळीत चक्कर येऊन मोरीत पडला होतात तुम्ही. उद्या काही झालं आणि कुठलंच कार्ड नसलं, तर मला झोप लागायची नाही.

अंबुबाई: चक्कर उपासानं आली हुती. आन् आता मी सांगते ते ऐक. ह्या पोराला बी ऐकू दे. रेशन दुकानातला सोपानराव दोनदा आला हुता घरी. आधार द्या, कार्ड जोडायचंय म्हनून. पहिल्यांदा तुझे सासरे जिते हुते. त्यांनी हाकलला. म्हनले, रंगरावाच्या घरात आंबेमोहोर पिकतो, आमी रांगेत उभं ऱ्हायचं व्हय?

योगिनी: मामंजींचा स्वभावच तसा होता.

अंबुबाई: थांब. दुसऱ्यांदा आला तवा ते न्हवते. शेत बी न्हवतं. तांदूळ दुकानातनं इकत यायला लागला हुता. दारात मी हुते. आन् मी बी तेच बोलले. चारचौघी बघत हुत्या ना. सोपानराव म्हनला, वहिनी, धान्य घेऊ नका, पन कार्ड जित्तं ठेवा, दवाखान्याला लागतं. मी दार लावून घेतलं.

योगिनी: तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

अंबुबाई: त्याला ठाव हुतं. सांगायला आला हुता घरापातुर. चूक माझी हाय. माझ्या तोऱ्यापायी तुझ्या आईनं दम लागत बसायचं, हे मला न्हाई जमनार. काढ फारम.

योगिनी: आत्या, महिना दोन महिने तुम्ही कशातच नसाल.

अंबुबाई: पासष्ट वरसं कशातच न्हवते. दोन महिने गोळ्या येळेवर घेईन, उपास सोडीन. तुला वचन देते. संकष्टीला सुदिक जेवीन.

योगिनी: संकष्टी सोडाल?

अंबुबाई: चंद्र काय पळून जात न्हाई. पुढं धरीन. काढ म्हनते ना फारम.

योगिनी: हा घ्या. पेन्सिल पर्समध्ये आहे, थांबा.

अंबुबाई: पेन्सिल नको. पोरा, तुझं पेन दे. पेन्सिलीनं केलीस तर गेटपातुर जाता जाता परत खोडशील. हं. आई-वडलांपुढं कर. माझ्यासमोर कर.

योगिनी: केली.

अंबुबाई: नीट कर. कागद पातळ झालाय, हळू. सही?

योगिनी: केली.

अंबुबाई: आता रडायचं आसंल तर टेम्पोत रड. हितं नको, लोक म्हनतील सासूनं काहीतरी केलं. आन् विहीणबाईंना सांग, ऑपरेशन झालं की आपल्याकडंच ऱ्हायचं. माझ्या खोलीत. पायऱ्या न्हाईत तिथं.

योगिनी: सांगते. तुम्ही स्वतःच सांगा ना फोनवर. माझ्याकडून ती ऐकायची नाही.

अंबुबाई: सांगीन. कसं ऐकत न्हाई बघते. काय रं, तुझा तो अर्ज भर आता. कार्ड जोडायचा. सोपानरावाच्या दुकानात जाऊन रांगेत उभं ऱ्हावं लागतं का?

प्रीतम: एकदा जावं लागेल. त्याचा शिक्का लागतो.

अंबुबाई: जाईन. त्याला म्हनीन, बाबा, दार उघडलंय.

प्रीतम: कुटुंबप्रमुख कोण लिहू? कार्डावर रंगराव आहेत. ते वारलेत, म्हणजे मृत्यूचा दाखला जोडायचा. आता घरातल्या मोठ्या बाईचं नाव लावतात.

अंबुबाई: मग माझं लाव. घर मीच चालवते, गणराजाला इचार.

प्रीतम: सदस्य. गणराज, वय अकरा...

योगिनी: अकरा? अडतीस आहे त्यांचं.

प्रीतम: कार्डावर अकरा आहे ताई. त्यानंतर कुणी हात लावलेलाच नाही याला. यात तीनच नावं आहेत. रंगराव, अंबुबाई, गणराज.

अंबुबाई: आन् हिचं?

प्रीतम: ताईंचं नाही. मुलीचंही नाही.

अंबुबाई: बारा वरसं झाली हिला येऊन. हिचं नाव न्हाई?

योगिनी: माझंही लक्ष गेलं नाही कधी, आत्या. लागलंच नाही कशाला.

अंबुबाई: लिही. गणराजाच्या आधी हिचं लिही. योगिनी. मग गणराज, मग स्वरूपा.

प्रीतम: ताईंचं प्रमुखाशी नातं. सून लिहू ना? परवा चिखलीच्या शिबिरात एक आजी होत्या, त्यांनी सुनेपुढं लेक लिहायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अंबुबाई: सून लिही. आई हाय तिला, भालकीला.