मेंढनडगे साहेब

...नाही, मी म्हणतो, साहेबाच्या आडनावाचा अर्थ विचारला म्हणून माणसाची नोकरी जाते का हो? चोरी केली नाही, संप केला नाही, आणि संप तर आमच्या सोलापुरात अठ्ठावीसच्या साली लोक पान खाल्ल्यासारखा करत होते... पण धुळाप्पाची गेली ती आडनावापायी, आणि तेही दुसऱ्याच्या.

तुम्हाला सांगतो, धुळाप्पा मंगळवेढ्याकडचा धनगर, दुष्काळात मेंढरं गेली म्हणून गिरणीच्या दारावर पहारेकरी झालेला, सात वर्षांत एक खाडा नाही. तिथं विलायतेहून आला नवा विणाईमास्तर, आणि नाव काय, तर शीपशँक्स. आता हे नाव सरळ माणसाच्या जिभेवर बसेल का? पण हेडक्लार्क रामहरीपंतांचा हुकूम सुटला की साहेब आत येताना नाव घेऊन सलाम झाला पाहिजे. धुळाप्पानं पहिल्या दिवशी छाती काढून सलाम ठोकला, "सलाम, शिपाईशंख साहेब." पंत तापले. मेंढक्या, उद्यापर्यंत नाव पाठ नाही झालं तर दार सोडायचं, म्हणाले. मेंढक्या... सात वर्षं हीच हाक. हजेरीपटावर नाव होतं, पण ते वाचायचे कष्ट कोण घेतो?

धुळाप्पाला वाटलं, अर्थ कळला की शब्द तोंडात राहील. म्हणून संध्याकाळी तो संगप्पा मास्तरांकडे गेला, ते शाळेत इंग्रजी शिकवायचे. मास्तरांनी जाडजूड डिक्शनरी काढली, चष्मा पुसला आणि सांगितलं, शीप म्हणजे मेंढी, शँक्स म्हणजे नडग्या. तिकडंही आपल्यासारखंच, कुणा खापरपणजोबाचे पाय काटकुळे असतील, गावानं नाव ठेवलं आणि ते शेकडो वर्षं नातवंडा-पतवंडांना चिकटून राहिलं. आता त्या नावाची घरं बोटावर मोजण्याइतकी. मास्तर पोट धरून हसत होते. धुळाप्पाचा मात्र ऊर भरून आला. मेंढीची नडगी म्हणजे तुम्हाआम्हाला रस्सा, पण त्याची सगळी बिरादरी त्या नडग्यांमागं घाटापर्यंत चाललेली... "म्हंजे साहेब आपल्यातलाच हाय की," एवढंच तो बोलला, आणि रात्रीची पाळी सुटताना दारातून जाईल त्याला ही आनंदाची बातमी सांगत सुटला. आता ह्यात धुळाप्पाचं काय चुकलं?

सकाळी धुळाप्पाच्या हातावर काळी घोंगडी, त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, स्वतः कातलेल्या लोकरीची. साहेब आला, धुळाप्पानं घोंगडी पुढं केली, "राम राम, मेंढनडगे साहेब." साहेबाला काय कळतंय? त्यानं हसून घेतली. पण मागं शे-दोनशे माणसं हसली, कुणीतरी बें केलं, आणि पंत धोतराचा सोगा सावरत धावले.

साहेबाच्या खोलीत धुळाप्पाला उभं केलं. हा काय म्हणाला, साहेबानं विचारलं. पंतांना घाम. अर्थ सांगावा तर आपल्याच तोंडून साहेबाला मेंढी म्हटल्यासारखं. शेवटी धुळाप्पानंच आपली नडगी दाखवली आणि मेंढरासारखा ओरडला, अगदी आदरानं.

साहेबाचा चेहरा उतरलाच. शाळेत पोरं मागं बें बें करायची, पलटणीत केलं, सासुरवाडीतही केलं, म्हणाला. हे नाव कुणाला कळणार नाही म्हणून तर इतक्या लांब आलो. आता इथं कुणाकुणाला ठाऊक आहे? धुळाप्पा खोटं बोलला असता तर वाचला असता. "समद्या गिरणीला हाय की. चांगलं नाव हाय म्हून मीच सांगितलं." ह्यात काय चुकलं त्याचं?

साहेबानं धुळाप्पाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, ह्याचं आडनाव काय? पंतांनी सात वर्षांत पहिल्यांदा हजेरीपट नीट वाचला. वाघमोडे. त्याचा अर्थ? पंत म्हणाले, वाघाची मान मोडणारा.

"म्या न्हवं साहेब," धुळाप्पा घाईनं म्हणाला, "वाडवडलांनी कुणी मोडला आसंल. म्या वाघ बघितला बी न्हाय."

पण आता काय उपयोग? रोज सकाळी दारात वाघमोडे उभा, आणि त्याचा सलाम घेत आत जाणार मेंढीच्या नडग्या... कुठल्या साहेबाला सोसेल हो? दुपारच्या भोंग्याला नोकरी गेली. तेव्हा मात्र धुळाप्पानं कमरेचा पट्टा काढून पंतांच्या टेबलावर आपटला. "मला मेंढक्या म्हनता ती हाक, आन् त्येला त्येच्याच नावानं हाक मारली तर ती शिवी व्हय?" पंतांनी पट्टा उचलून कपाटात ठेवला.

संगप्पा मास्तर म्हणाले, अर्ज लिहू, वरपर्यंत जाऊ. मायाक्का गाठोडी बांधत होती, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "वाघमोड्याला मेंढीच्या तंगडीनं काढलं, आसं गावात सांगू नगा. कोन खरं मानंल? दारू प्यालो म्हून काढलं म्हना, तेवढाच आब ऱ्हाईल."

धुळाप्पानं तसंच सांगितलं. जन्मात थेंबाला शिवला नव्हता तो... गावानं एका दमात खरं मानलं.