नाकासमोर चाललेलं जहाज

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आणि या जहाजाच्या तेलकट डेकवर कधी ना कधी घसरून पडलेल्या माझ्या तमाम सहकाऱ्यांनो,

बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर आपलं इंधनपुरवठा जहाज आज निवृत्त होत आहे. त्याने एकही गोळी झाडली नाही. पण भर समुद्रात याच्याकडून डिझेल न घेता ताफ्यातली कोणती युद्धनौका मोठी झाली, सांगा बरं? फोटो त्यांचे छापून आले, हात आमचे काळे झाले. तक्रार नाही, वाढणाऱ्याने आधी जेवायचं नसतं.

मी सुकाणूवरचा माणूस. इंधन देताना दोन जहाजं शंभर हातांवर शेजारीशेजारी धावतात, मधे नळी. देणाऱ्याने नाकासमोर चालायचं. जवळ येणं, लांब जाणं घेणाऱ्याने सांभाळायचं. एवढा एकच नियम, आणि तो मी मोडला.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बेटावर अडकलेल्या दोनशे माणसांना घेऊन एक युद्धनौका वादळातून आमच्याकडे आली. तिच्याजवळ दोन तासांचं इंधन उरलेलं, आणि वारा तिला खडकांकडे ढकलत होता. इंजिन बंद पडलं की खेळ खलास. त्या इंजिनखोलीत माझा थोरला भाऊ होता.

नळी जोडली, पंप सुरू झाला. तेवढ्यात लाटेने ती नौका आमच्या अंगावर लोटली. आणि या शहाण्याने काय करावं? जिन्यात समोरून कोणी आलं की आपण अंग चोरतो ना, तसं दोन अंश सरकून दादाला वाट करून दिली. नेमकी तीही नियमाप्रमाणे लांब जात होती. नळी ताणली गेली आणि तुटली.

मी चाक दुसऱ्याच्या हाती देऊ लागलो. कप्तानबाई म्हणाल्या, "कुठे निघालात? सरळ चालणं म्हणजे काय, ते आज तुमच्याइतकं कुणाला कळलंय? धरा ते चाक."

धरलं. दुसरी नळी जोडली. ती नौका पुन्हा अंगावर आली, एकदा नाही, चारदा. बाजूला बघायची माझी छाती नव्हती. नजर होकायंत्रावर रोवली आणि पाऊण तास जहाज रेषेवरून हलू दिलं नाही. सज्जनहो, दुसऱ्या दिवशी ती दोनशे माणसं आणि सगळे खलाशी आपल्या पायांनी बंदरात उतरले. हा विजय नाही तर काय?

नळी सोडण्याआधी जहाजांमधल्या टेलिफोनवर दादाचा निरोप आला, "टाकी भरली. आईला यातलं काही सांगू नकोस."

नाही सांगितलं. तो बंदरातच रंगकाम करतोय, असं कळवून मोकळा झालो. आज ती तिसऱ्या रांगेत दादाशेजारी बसली आहे, आणि मघापासून तिने त्याचं मनगट घट्ट धरलेलं मला इथून दिसतं आहे. तेव्हा आवरतो.

आयोजकांचा मी ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने उदार मनाने पोटात घालावं. आई, तू मात्र घालू नकोस. आम्ही दोघंही घरी येतोय, तिथे काय बोलायचं ते बोल.