एकोणीस वाक्यं आणि एक हाक

लेक : नाही मावशी, दुकानात एकही बूट शिवायचा राहिलेला नाही. फळ्या पाहिल्या, कपाट उपसलं, मापांची वही चाळली. आजारी पडायच्या आदल्या दिवशी बाबांनी शेवटचा जोडही देऊन टाकलाय.

मावशी : मग काल तुझ्या कॉम्प्युटरने बूट शिवायचं सांगितलं ते?

लेक : तो पदरचं काही सांगत नाही हो. मी घरी नसते तेव्हा बाबांना सांभाळता सांभाळता तुम्ही वहीत लिहिलेली त्यांची एकोणीस वाक्यं मी त्याला दिली. सगळ्या वाक्यांत एकाच क्रमाने येणारे शब्द कोणते, एवढंच त्याने काढलं.

मावशी : आणि परवा तर काहीच निघत नाही म्हणून रडकुंडीला आली होतीस.

लेक : ती माझीच चूक. मी शेजारीशेजारी बसलेले शब्द शोधत होते. बाबांच्या बोलण्यात मध्येच कुठूनही काहीही येतं. 'डावा चमचा पाय सकाळी बूट खिडकी शिवतो.' मग म्हटलं, मध्ये कोणीही घुसू दे, पुढचा पुढे आणि मागचा मागे राहिला की पुरे.

मावशी : दवाखान्यातल्या रांगेसारखं. मध्ये किती का घुसेनात, माझ्या पुढची बाई माझ्या पुढेच.

लेक : अगदी तसंच! पहिली दोन वाक्यं ताडून पाहायची, जे उरेल ते तिसऱ्याशी, मग चौथ्याशी. एकोणिसाव्यापर्यंत चारच शब्द टिकले. डावा, पाय, बूट, शिवतो.

मावशी : म्हणजे बरळणं नव्हेच ते. झटका आल्यापासून जो येतो तो म्हणतो, आता यांच्या बोलण्याला अर्थ नाही.

लेक : दादाही तेच म्हणतो. रविवारी येतोय, बाबांना आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत ठेवायला. 'त्यांना कळत असतं तर गोष्ट वेगळी होती,' म्हणतो. नुसते चार शब्द दाखवले तर म्हणेल, चाळीस वर्षं बूट शिवले, तीच टकळी चालू आहे. पाय कुणाचा, ते मला सांगता आलं पाहिजे.

मावशी : त्यांचाच असेल.

लेक : त्यांची उजवी बाजू गेलीय. डावा पाय ठणठणीत आहे. परवा त्याच पायाने तुमची बादली सांडली ना?

मावशी : सांडली कसली, नेम धरून उडवली! ते पोटतिडकीने काहीतरी सांगत होते आणि मी आपली फरशी पुसत होते.

लेक : मावशी, एक विचारू? रागावू नका. वहीत सगळं उतरवलंय ना? काही गाळलं नाही?

मावशी : अगं, ऐकलं तसं लिहा म्हणालीस, हात भरून येईपर्यंत लिहिलं. चौथीपर्यंतची शाळा माझी, काना-मात्रा चुकली असेल, शब्द नाही चुकला. हाक तेवढी लिहिली नाही.

लेक : कसली हाक?

मावशी : बोलायच्या आधी मला हाक मारतात ना, 'मावशी' म्हणून. ती काय लिहायची? हाक ती हाक, बोलणं ते बोलणं. आणि वहीभर आपलंच नाव, बरं दिसतं का?

लेक : दर वेळी मारतात?

मावशी : दर वेळी.

लेक : पण बाबांना झटक्यानंतर कुणालाच हाक मारता येत नाही! मला खुर्ची म्हणतात. दादाला फोनवर टोपी म्हणाले. पाणी हवं असलं तर?

मावशी : टेबल वाजवतात. हो गं, तेव्हा नाही मारत हाक.

लेक : म्हणजे ती हाक नव्हेच, वाक्यातलाच शब्द आहे! आता कॉम्प्युटरचीही गरज नाही. हे बघा, चार शब्दांच्या आधी तो एक घातला. वाचा.

मावशी : थांब, चष्मा... मावशी. डावा. पाय. बूट.

लेक : पुढे?

मावशी : ...शिवतो.

लेक : तुमच्या डाव्या पायाला काय झालंय मावशी?

मावशी : काही नाही गं. लहानपणी मोडला, बोटभर आखूड बसला. चपलेत पुठ्ठा घालते, भागतं. कुणाच्या लक्षात येत नाही.

लेक : माझ्याही लक्षात आलं नाही. तीन आठवडे माझ्यासमोर वावरताय.

मावशी : काका माझं चालणं न्याहाळायचे, मला वाटायचं, मी कामात अंग चोरते का ते बघतात. पोरी, इतक्या घरची आजारपणं काढली मी. माझ्या पायाकडे कुणी बघून... जाऊ दे.

लेक : तुम्ही लिहिलं नसतंत, तर बाबांना अजून सगळं कळतं हे मला समजलंच नसतं. मी तुमची...

मावशी : माझे कसले आभार मानतेस? तीन आठवडे माणूस माझ्याच पायाचं मला सांगतोय, आणि मी हो हो म्हणत उशी सरळ करतेय!

लेक : दादाला फोन लावते. म्हणते, रविवारी जरूर ये, पण बाबांना न्यायला नको. लहानपणी त्यांनी टाके घालायला शिकवलेत, विसरला नसशील तर हात धुऊन बस. ते सांगतील, तू शिव.

बाबा : मावशी... पंखा... डावा... साबण... पाय...

मावशी : आले काका, आले. या खेपेला पुरतं ऐकते.

(मावशी पलंगाशी बसून डाव्या पायातली चप्पल काढते. पुठ्ठ्याची घडी जमिनीवर पडते.)

लेक : बाबा, बूट मावशींसाठी शिवायचाय ना?

बाबा : माप.

लेक : मावशी! हा शब्द एकोणीस वाक्यांत कुठेच नव्हता.

बाबा : माप. माप.

मावशी : थांबा हं काका, पाय धुऊन येते.