सात नंबरची नाडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, या हवाई तळाच्या प्रमुख कर्नल टोरिल फ्येल्स्ता. व्यासपीठावर बसलेले आमच्या संशोधन पथकाचे प्रमुख डॉ. ब्रिन्यार ओस्टमो, जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती आमच्या पथकातली परिचारिका आणि आजची सत्कारमूर्ती सुन्निवा हौगदाल, आणि समोर बसलेले वैमानिक, डॉक्टर, परिचारिका, स्ट्रेचर उचलणारे, भोजनगृहातली मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

आज सूर्य परत आला आहे. उत्तरेकडची दोन महिन्यांची रात्र संपवून डोंगराआडून त्यानं अर्धं कपाळ दाखवलं, म्हणून रिवाजाप्रमाणे तुमच्या प्रत्येकाच्या हातात जॅम भरलेला गोड पाव आहे. ज्या दिवशी आपण उजेडाचं स्वागत करतो, त्याच दिवशी सुन्निवाला निरोप द्यायचा हे कुणी ठरवलं? ज्यानं ठरवलं त्याच्याशी मी नंतर भांडणार आहे.

पाहुण्यांसाठी एक खुलासा. माझ्या बोटाला हा चिमटा का, आणि मागच्या पडद्यावर माझी नाडी का धावते आहे? आमच्या पथकाची ही रीत आहे. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी निरोपाच्या भाषणात इतका वेळ घेतला की मागच्या रांगेतली परिचारिका उभ्याउभ्या झोपली. तेव्हापासून बोलणाऱ्याला हा चिमटा लावतात. ठोके एकशेतीसच्या वर गेले की यंत्र केकाटतं आणि वक्त्यानं खाली बसायचं. डॉ. ओस्टमो यांची नाडी साठच्या वर सरकत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी त्यांनी सुरू केलेलं भाषण, माझ्या माहितीप्रमाणे, अजून संपलेलं नाही.

माझी आता एकशेचारवर आहे. हसू नका.

मी आस्लाक. या तळावर माझा हुद्दा 'सराव-रुग्ण'. खरा जखमी विमानातून आणण्याआधी आपली माणसं खोटा जखमी आणून सराव करतात. तो खोटा जखमी म्हणजे मी. पायाला प्लास्टिकची जखम, कपाळाला लाल रंग, स्ट्रेचरवर पट्ट्यांनी आवळलेला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षात एका प्राध्यापकांशी माझं वाजलं. मी तरातरा उठलो आणि वर्गाचं दार आपटून बाहेर पडलो. आपटून म्हणजे, आपटायला गेलो. ते दार आपोआप हळू मिटणारं निघालं. मी बाहेर उभा, आणि दार आपलं निवांत मिटतंय. पुन्हा आत जायला तोंड उरलं नव्हतं. आई फोनवर म्हणाली, "डॉक्टर व्हायला गेला होतास ना रे?" म्हटलं, "आई, मी पेशंट झालो." तेव्हापासून तिनं हा विषय काढलेला नाही.

तर या नोकरीत मी आडवा पडून जे पाहिलं, ते सांगतो. मालवाहू विमानाच्या पोटात इतका आवाज असतो की किंकाळीसुद्धा ऐकू जात नाही. माणसं हाताच्या खुणांनी बोलतात. कानांवर जाड टोप्या, वर जाळीचं छत, पाठीखाली सगळं विमान थरथरतंय. पण तिथे एकटं वाटत नाही. कुणाचा तरी हात सतत अंगावर असतो. नाडीवर, पट्टीवर, पांघरुणावर. एकटं वाटतं ते खाली उतरल्यावर, उपचारांच्या तंबूत. तिथे आपला नियम आहे: 'हात वर.' आणणाऱ्यांनी घेणाऱ्यांना रुग्ण सोपवताना सगळ्यांनी हात बाजूला घ्यायचे, एकानं बोलायचं, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. नियम चांगला आहे, त्यानं जीव वाचतात. नाहीतर एक जण सांगतो, दुसरा सुई शोधतो, आणि तिसऱ्याला रक्तगट ऐकूच जात नाही.

पण त्या शांततेत रुग्णावर एकही हात नसतो. सगळे त्याच्याबद्दल बोलतात, त्याच्याशी कुणी बोलत नाही.

हे प्रथम कुणाच्या लक्षात आलं? सुन्निवाच्या. परदेशातून आणलेल्या एका जखमी सैनिकाला तिनं विचारलं, "प्रवासातलं काय आठवतं?" तो म्हणाला, "दुखणं आठवत नाही, बाई. पोहोचलो आणि सगळ्यांनी हात काढून घेतले. मला वाटलं, मी गेलो."

ते वाक्य घेऊन ती आपल्या डॉक्टरसाहेबांच्या, म्हणजे डॉ. ओस्टमोंच्या खोलीत गेली. साहेब म्हणाले, "भावना आहे ही. भावनेवर नियम बदलत नाहीत. आकडे आण." मग आकडे आणायला सुरुवात झाली. आम्ही काही सराव-रुग्ण. सोपवणीच्या शांततेत निम्म्या वेळा कुणाचाच हात नाही. निम्म्या वेळा सुन्निवा डोक्याशी उभी राहून खांद्यावर एक हात ठेवणार. नुसता ठेवायचा, दुसरं काही करायचं नाही. नाडी मोजायची.

सगळ्यांची नाडी उतरली. एक सोडून.

सात नंबरच्या स्ट्रेचरवरच्या रुग्णाची, तिचा हात खांद्यावर पडला की, चढायची. थोडीथोडकी नाही, चांगली पायऱ्या चढत जावी तशी. यंत्र बदललं, तार बदलली, पट्ट्या सैल केल्या, सकाळची कॉफी बंद केली. तिचा हात पडला की सात नंबर आपला निघाला डोंगरावर.

आता एकशेबारा. हो, दिसतंय मला. पावाकडे लक्ष द्या.

मग बैठक झाली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सात नंबर काढून टाका. हा मुलगा आकडेवारीत बसत नाही."

आपले माल चढवणारे स्टाइनारकाका कोपऱ्यातून म्हणाले, "तो कॉलेजातही बसला नव्हता, साहेब."

मी भडकलो. कानाच्या पाळ्या तापल्या. म्हटलं, "मी माणूस आहे की डाग? नको असेल तर पुसून टाकाल?" साहेब म्हणाले, "आस्लाक, खाली बस." मी बसलो नाही. तेव्हा सुन्निवा बोलली, आवाज न चढवता. "रुग्ण आपल्या अपेक्षेसारखा वागला नाही, म्हणून आपण त्याला विमानातून खाली ढकलतो का? सात नंबर राहील. का चढते ते बघू."

माझी बाजू घेऊन कुणीतरी बोललं, असं फार दिवसांनी घडत होतं. त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर दगड भिरकावत बसलो होतो. का, ते विचारू नका.

तिनं पुन्हा चाचणी घेतली. सगळं तेच, हात फक्त स्टाइनारकाकांचा. तुम्ही तो हात पाहिला आहे. फावड्याएवढा, विमानाच्या तेलाचा वास येणारा. खांद्यावर बटाट्यांचं पोतं ठेवल्यासारखं वाटलं. आणि नाडी उतरली! शहाण्या मुलासारखी उतरली. सुन्निवा यंत्रातून आलेल्या नाडीच्या कागदी पट्टीकडे बराच वेळ बघत राहिली. मग पट्टीची घडी घातली आणि म्हणाली, "म्हणजे हातात खोट नाही."

एवढंच म्हणाली. त्यानंतरच्या प्रत्येक सरावात ती दुसऱ्या स्ट्रेचरपाशी असायची. माझ्या डोक्याशी पोतं. मी विचारलं, "काका, माझ्याकडे रोज तुम्हीच कसे?" ते म्हणाले, "मला काय विचारतोस? पोतं विचारतं का, मला कुठं ठेवलं म्हणून?"

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. सात नंबरसकट सगळे आकडे छापले गेले. आता 'हात वर' म्हटल्यावर सगळे हात बाजूला होतात, एक राहतो. जखमी माणसाच्या खांद्यावर, बोलणं संपेपर्यंत. साधी गोष्ट वाटते ना? ज्यानं ती शांतता आडवं पडून ऐकली आहे, त्याला विचारा. साहेब, नंतरच्या बैठकीत तुम्ही सर्वांदेखत "माझं चुकलं" म्हणालात, ते मी विसरलेलो नाही. बाकी पुष्कळ काही विसरलेलो नाही, पण ते आज नको.

उद्या सुन्निवा बर्गनला जाते आहे, तिकडच्या मुलांना हेच शिकवायला. तिथे रोज पाऊस असतो म्हणतात. चांगली छत्री घे. आम्ही तुला लोकरीचे हातमोजे देतो आहोत. कारण थंडीत तुझे हात गार पडतात, हे या तळावरच्या प्रत्येक सराव-रुग्णाला माहीत आहे.

आपल्या धंद्यात एक गोष्ट फार वाईट आहे. आपण माणसाला आणतो, सोपवतो, रिकामं स्ट्रेचर घेऊन परत फिरतो. पुढे त्याचं काय झालं, हे कधीच कळत नाही. तो चालला का, घरी पोहोचला का? कुणी सांगत नाही, आपण विचारत नाही. मोठी माणसं म्हणतात, सवय होते. मला झालेली नाही. आणि उद्या सुन्निवा गेली की रिकामं स्ट्रेचर घेऊन परतणारा मीच असणार. म्हणून मला सुन्निवाला आज एक प्रश्न विचारायचा होता. फक्त एक. दोनदा कॉफीच्या यंत्राशी गाठलंही होतं. पण दोन्ही वेळा तिनं विचारलं, "जेवलास का?" आणि मी जेवायला निघून गेलो.

प्रश्न असा, सुन्निवा, की त्या दिवशी ती पट्टी बघताना तुला कळलं होतं का, की सात नंबरची नाडी...

एकशेसव्वीस. थांबा. थांबा जरा. मी बसणार नाही, माझं वाक्य अर्धं आहे.

अहो काका, तुम्ही का उठलात? कुणी बोलावलं? पाव तरी ठेवून या.

मंडळी, मागच्या रांगांना दिसलं नसेल, म्हणून सांगतो. सुन्निवा माझ्याकडे बघत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, रुग्णाकडे बघावं तशी. आणि तिनं आत्ता स्वतःच्या खांद्यावर तळवा ठेवून काकांना खूण केली. विमानात आपण करतो तीच. 'त्याच्याजवळ जा. हात ठेव.'

तर काकांचा हात माझ्या खांद्यावर आहे. पाव दुसऱ्या हातात आहे. माझ्या सदऱ्याला जॅम लागला आहे.

एकशेअठरा. एकशेबारा. बघा, उतरते आहे.

मला प्रश्न विचारायचा नाही आता. तिला कळलं होतं. त्या दिवशीच कळलं होतं, आणि तिनं मला एकटं सोडलं नव्हतं; फक्त स्वतःचा हात काढून घेऊन दुसरा ठेवला होता. तिचं उत्तर तेव्हापासून माझ्या खांद्यावर होतं. त्याला तेलाचा वास येत होता, म्हणून मला ओळखता आलं नाही.

सुन्निवा, बर्गनच्या स्ट्रेचरवरही एखादा सात नंबर निघेल. त्यालाही काढून टाकू नकोस.

अध्यक्षांनी मला चार शब्द बोलू दिले, आभारी आहे. भोजनगृहातल्या मंडळींनी इतके पाव भाजले, त्यांचे आभार. डॉक्टरसाहेबांनी मध्येच अडवलं नाही, त्यांचे विशेष. तरुण रक्त आहे, जीभ घसरते. कुणाचं मन दुखावलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, नको ते जाहीर झालं असेल, तर उदार मनानं पोटात घाला. आता चिमटा काढतो. यंत्र ओरडेल, कुणी धावू नका. रुग्ण बरा आहे, नुसती तार निघाली आहे.

काका, तुम्ही हात काढलात तरी चालेल आता.

नाही, थांबा. ती दारातून बाहेर जाईपर्यंत राहू द्या.